दार धरल्याची नोंद

आमच्या न्यायाधिकरणाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक दार आहे. दार ओकच्या लाकडाचं आहे, आग अडवणारं आहे, सोडलं की आपोआप बंद होतं, आणि गेल्या दीड वर्षात त्याच्या अनुषंगाने चौतीस पानांचं न्यायदान झालेलं आहे. मी तिथली कारकून, मिसेस हिंडल. अर्जदारांना नावाने पुकारणं, पाण्याचे ग्लास भरून ठेवणं आणि फायलींची ढकलगाडी ने-आण करणं, एवढंच माझं काम. मत बाळगणं माझ्या कामात मोडत नाही. पण बावीस वर्षं एका जागी काढली की ते आपसूक साठतं.

नेव्हिल ऑर्मरॉड हे उत्तर इंग्लंडमधल्या आमच्याच लँकेशरचे, छप्परकाम करणारे गृहस्थ. वय एकसष्ट. नऊ वर्षांपूर्वी एका प्रार्थनागृहाच्या छपरावरून खाली आले ते पाठीत सहा स्क्रू घेऊनच घरी गेले. तेव्हापासून दोन काठ्या आणि अपंग भत्ता. भत्त्याबरोबर पायांऐवजी हातांनी चालवता येणारी मोटारगाडी मिळाली होती. त्यांची बायको आयलीन अर्धांगाच्या झटक्यानंतर टेकडीवरच्या शुश्रूषागृहात आहे. तिथे बस जात नाही. आयलीन नेव्हिलखेरीज कुणाच्या हातचं खात नसे, म्हणून ते रोज दुपारी गाडी घेऊन जात आणि तिला चमच्याने भरवून येत.

मग भत्ता देणाऱ्या खात्याने फेरतपासणी केली. फोनवरून. तपासणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच विचारलं, "कसे आहात, मिस्टर ऑर्मरॉड?" आणि नेव्हिल म्हणाले, "बरं चाललंय. तक्रार करण्यासारखं काही नाही."

आता आमच्याकडे अंगावर भिंत पडलेला माणूसही विटांखालून हेच म्हणेल. पण खात्याकडे असल्या स्थानिक सवयींसाठी रकाना नाही. अर्जदाराची तक्रार नाही, असं अर्जदारानेच सांगितल्याची नोंद झाली, भत्ता बंद झाला, आणि गाडी कंपनीचा माणूस येऊन घेऊन गेला. नेव्हिलनी त्याला चहा दिला. आता शेजाऱ्याला सवड असेल तेव्हा, म्हणजे आठवड्यातून दोनदा, ते टेकडीवर जायला लागले. गाडी परत मिळवायची तर आमच्याकडे अपील करणं भाग होतं.

सुनावणीच्या दिवशी मी ढकलगाडी घेऊन त्या दाराशी आले. पुढे नेव्हिल होते. त्यांनी दोन्ही काठ्या एका काखेत घेतल्या, पाठ दाराला टेकली आणि दार उघडं धरलं.

"या बाई. सावकाश. घाई नाही," ते म्हणाले.

चेहरा पांढराफटक पडला होता, कपाळावर घाम होता. मी आभार मानले. आत पाणी ओतताना न्यायाधीश वेदरॉल मॅडमना मी सहज म्हटलं, "फार सभ्य गृहस्थ आहेत हो. माझ्यासाठी दार धरलं त्यांनी."

"असं का?" मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, चला, चांगलं मत झालं. माझं तोंड तेव्हाच कुणीतरी शिवायला हवं होतं.

अपील फेटाळलं गेलं. निकालाला आव्हान द्यायचं तर आधी महिन्याच्या आत लेखी कारणं मागावी लागतात. नेव्हिलनी मागितली. अकरा पानं आली आणि ती घेऊन ते माझ्या खिडकीशी उभे राहिले.

"बाई, हा परिच्छेद चौदा जरा वाचा."

मी वाचला. 'अर्जदाराने एक जड दार कोणाच्याही मदतीशिवाय, स्वेच्छेने व सुहास्य मुद्रेने उघडून धरल्याचे न्यायाधिकरणाच्या निदर्शनास आले. यावरून त्याच्या अंगी उभे राहण्याची व चालण्याची पुरेशी क्षमता असल्याचे दिसते.'

"सुहास्य?" नेव्हिल म्हणाले. "मी दात आवळले होते."

"मग तुम्ही वरच्या न्यायाधिकरणाकडे जा."

"जातो ना. तिथे सांगतो की हे चूक आहे. त्या दिवसानंतर मी तीन दिवस पलंगावरून उठलो नव्हतो."

"ते नका सांगू," मी म्हटलं. "चूक असून भागत नाही. कायद्याची चूक लागते."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला चालता येत नसताना येतं म्हणाले, तर ती साधी चूक. ती आमच्याकडे चालते. पण तसं का म्हणाले ते लिहायला विसरले, तर ती कायद्याची."

नेव्हिलनी अकरा पानांची घडी घातली. "आणि हे तुम्ही रोज करता?"

"मी फक्त पाणी भरते," मी म्हटलं. सल्ला द्यायला मला मनाई आहे, म्हणून तो दिला नाही. फॉर्म कुठे असतो आणि वाचनालयात गुरुवारी सल्लागार बाई किती वाजता बसतात, हे तेवढं बोलता बोलता तोंडून निघून गेलं.

सल्लागार बाईंनी तीन आठवड्यांत चूक शोधून काढली. एक दार एकदा धरलं म्हणजे माणूस रोज, पुन्हा पुन्हा आणि सुरक्षित चालू शकतो हे कसं, ते निकालात लिहिलेलंच नव्हतं. दाराचं वजन नव्हतं. किती वेळ धरलं तेही नव्हतं. आधी आमच्याच न्यायाधीशांकडे परवानगी मागायची असते. ती रीतसर नाकारली गेली. मग कागद वर गेले आणि तिथे सात महिने बसले. सातव्या महिन्यात नेव्हिल जिंकले.

वरच्या न्यायाधीशांनी फार कडक लिहिलं होतं. दाराबाबत पुरेशी चौकशी न झाल्याबद्दल त्यांनी तीव्र नापसंती नोंदवली होती, मूळ निकाल रद्द केला होता, आणि प्रकरण नव्या मंडळापुढे पुन्हा ऐकायला आमच्याकडेच पाठवलं होतं. नेव्हिल पत्र घेऊन आले तेव्हा त्यांनी टाय लावला होता.

"जिंकलो, बाई. मग गाडी कधी मिळते?"

"गाडी नाही मिळत. सुनावणी मिळते."

नव्या मंडळाने टीका मनावर घेतली. बांधकाम खात्यातून एक तरुण इंजिनियर आला. त्याने ताणकाट्याने दार ओढून पाहिलं, बिजागऱ्यांचे फोटो काढले. घड्याळ लावून मला ढकलगाडीसह चार वेळा आत-बाहेर करायला लावलं. नेव्हिलच्या पाठीचे फोटो कुणी मागितले नाहीत. पाठीचा मुद्दा वर गेलाच नव्हता.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात मी नियम गुंडाळून ठेवला आणि त्यांना घरी फोन केला.

"नेव्हिल, मंगळवारी काहीही झालं तरी दार धरायचं नाही."

"आणि मागून कुणी येत असलं तर?"

"येऊ दे."

"बाईमाणूस असली तर?"

"मी असले तरीसुद्धा नाही. आयलीनचा विचार करा."

"बाई, मला आईने असं वाढवलेलं नाही," ते म्हणाले. "पण नाही धरणार."

मंगळवारी त्यांनी शब्द पाळला. खांद्याने दार ढकलून ते आत शिरले आणि मागे न बघता पुढे गेले. मागून नव्या मंडळात बसणारे डॉक्टर येत होते, एका हातात फाइल, दुसऱ्यात कॉफी. दार त्यांच्यावर आपटलं. कॉफी शर्टावर गेली. नेव्हिलचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. त्यांनी एकदा नव्हे, चारदा माफी मागितली, आणि रुमाल काढायला गेले तर एक काठी खाली पडली. ती मी उचलून दिली. त्याची नोंद कुठेही नाही.

या वेळची कारणं तेवीस पानांची आहेत. दाराचं वजन आहे, स्प्रिंगचा ताण आहे, इंजिनियरची सही आहे. परिच्छेद एकतीस म्हणतो की आधीच्या वेळी दार धरणाऱ्या अर्जदाराने या वेळी ते हेतुपुरस्सर सोडलं. सबब त्याचं वर्तन विसंगत असून, प्रश्न क्षमतेचा नसून इच्छेचा आहे. परिच्छेद बत्तीस सांगतो की माफी चारही वेळा स्पष्ट उच्चारात मागितली गेली, त्यामुळे संवादाचीही अडचण दिसत नाही. आणि चाळिसाव्या परिच्छेदात शुश्रूषागृहाचं पत्र आहे. ते नेव्हिलनी स्वतःच मोठ्या आशेने दिलं होतं. आयलीन किती खंगली हे त्यात लिहिलेलं आहे. शेवटच्या ओळीत मेट्रननी लिहिलंय की महिनाभरापासून मात्र ती नर्सच्या हातचं थोडं खायला लागली आहे. यावर मंडळाने समाधान व्यक्त केलं असून प्रवासाची निकड कमी झाल्याचं नमूद केलं आहे.

सल्लागार बाईंनी ती तेवीस पानं दोनदा वाचली आणि चष्मा काढून ठेवला. "एकही चूक नाही," त्या म्हणाल्या. "इतकी नीट कारणं मी पहिल्यांदाच वाचतेय." नेव्हिलनी त्यांचे आभार मानले. मी विचारलं, कसे आहात, तर म्हणाले, "बरं चाललंय."

अपंगांच्या जागेत गाडी लावायचा त्यांचा निळा परवाना मात्र अजून तीन महिने मुदतीत आहे. परवा शेजाऱ्याने त्यांना दुकानात नेलं तेव्हा मी तिथेच होते. गाडी अपंगांच्या जागेत लागली. नेव्हिल दाराला धरून स्वतःच उतरले, ताठ उभे राहिले आणि ओळखीच्या कुणालातरी हसून हात केला. काठ्या अजून मागच्या सीटवर होत्या. ट्रॉली घेऊन जाणारी माणसं बघत होती. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "धडधाकट तर दिसतोय."

तुम्हीही अशाच एखाद्या गाडीपाशी, अशाच एखाद्या माणसाकडे बघितलेलं आहे. आठवून बघा, निकाल द्यायला तुम्हाला किती वेळ लागला होता. तुमच्याकडे कुणी कारणं मागितली नाहीत, आणि त्या माणसाला तर आपली सुनावणी झाली हेसुद्धा कळलं नाही. वेदरॉल मॅडमनी निदान अकरा पानं तरी लिहिली होती.