सदिश, पृष्ठभाग आणि आमच्या अक्का

आमच्या शेजारच्या मालतीअक्का नारळ फोडण्याआधी त्याचे केस विंचरतात. कानडी मुलखात, येलहंक्याला, राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी फणी माझ्या हातात दिली. "विंचर स्वल्प. एकही भोवरा राहता कामा नये." मी पुण्याचा, त्यात आयटीतला, हरणं जमत नाही. घाम गाळला, पण भोवरा राहिलाच. अक्का खूश. गोलावरचे केस कसेही विंचरा, कुठेतरी भोवरा उरतोच, हेच त्यांना दाखवायचं होतं.

निपाणीच्या अक्का गणिताच्या संशोधनातून निवृत्त झाल्या, म्हणजे फक्त पगार थांबला. त्यांचं काम असं: संमिश्र संख्यांचा, डोळ्यांना न दिसणारा एक पृष्ठभाग घ्यायचा, त्याच्या प्रत्येक बिंदूवर सदिशांचा, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या बाणांचा, जुडगा उभा करायचा आणि भोवऱ्यांसारखं काहीतरी मोजायचं. पृष्ठभाग कितीही ताणा, दाबा, आकडा हलत नाही. दोन पृष्ठभागांचे आकडे निराळे आले, तर ते पृष्ठभागही निराळेच. एवढंच मला कळलं, आणि तेवढ्यावर मी इंदिरानगरच्या पार्टीत भाव खाल्ला.

"वेगळं आहे, का नुसतं वाकवलंय?" हा अक्कांचा लाडका प्रश्न. हॉटेलात डोसा आला तरी वेटरला हेच विचारणार.

गेल्या महिन्यात सकाळीच त्या आमच्या दारात. एका पायात चप्पल, दुसरा मोकळा.

"वेगळे निघाले रे ते दोघं!"

ते दोघं म्हणजे अक्कांना वर्षानुवर्षं छळणारे दोन पृष्ठभाग. जुने सगळे आकडे सारखे, म्हणून त्यांचे सहकारी हेगडेसर म्हणत, दोन्ही एकच. अक्का म्हणत, नाही. वाद इतका पेटला की बोलणंच बंद झालं. पुढे हेगडेसर निवृत्त होऊन धारवाडला गेले, पत्नी वारल्यावर एकटेच राहतात. आता अक्कांनी अधिक बारीक आकडा शोधला होता आणि तो दोघांचा निराळा आला होता.

"यशवंतपूरला सोड मला. तोंडावर सांगून येते त्याच्या."

स्टेशन येईपर्यंत त्यांनी रिक्षावाल्यालाही सिद्धता ऐकवली. तो बिचारा "सरी अम्मा, सरी अम्मा" म्हणत होकारार्थी मान डोलवत राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या परतल्या. मी उत्सुकतेनं विचारलं, "मग, मानलं का सरांनी?"

"चूक काढलीय त्यानं. रविवारी परत जायचंय."

माझा चेहरा पडला. "म्हणजे सगळं फुकट गेलं?"

"छे. चूक नाहीच ती. त्याचाच एक गैरसमज झालाय."

"मग तिथंच सांगायचं ना, अक्का."

अक्का पिशवीतून धारवाडी पेढे काढत होत्या. त्यांचे हात थांबले.

"सांगेन की. चार-पाच फेऱ्या होऊ देत आधी," त्या हळूच म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी कुणीतरी माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं."