अक्कांचं ऊन

आमच्या कॉलनीत सकाळी साडेसातला दार वाजलं की समजायचं, कमलअक्का आल्या. त्यांना तुमची पाठ हवी असते. पाठ उन्हाला द्यायची, वीस मिनिटं. गप्पा मारा, पेपर वाचा, पण उठायचं नाही.

जळगावात भाड्याने राहायला आलो तेव्हा मी दोन महिने जवळजवळ घराबाहेर पडलोच नव्हतो. काम घरूनच. पडदे ओढलेले, लॅपटॉप उघडा. कंबर दुखायची, झोप लागत नसे, कोणाचा फोन घ्यावासा वाटत नसे. शेजारच्या अक्कांनी एकदा दारात उभं राहून माझा चेहरा नीट न्याहाळला आणि म्हणाल्या, "घरमा बसीसन लोनचं व्हई गयं तुन्हं. चाल बाहेर." मीटिंग आहे म्हणालो, तर मीटिंगलाही उन्हात बोलाव म्हणाल्या.

त्यांच्या घराला लागूनच मोकळा प्लॉट आहे. तिथे हा दरबार भरे. अक्का साठीच्या पुढच्या, पिंपळनेरकडे शेतात वाढलेल्या. गुडघे, चिडचिड, अपचन, सगळ्यांवर त्यांचा उपाय एकच. किराणावाले शांतिलालजी दिवसभर ट्यूबलाइटखाली गल्ल्यावर बसणारे. अक्कांनी त्यांच्या दुकानाची किल्लीच कमरेला खोचली आणि वीस मिनिटं होईपर्यंत दिली नाही. बिचारे समोरून परत जाणारं गिऱ्हाईक बघत बसले. महिन्याभराने गुडघा हलका वाटतो म्हणून ते डॉक्टरांच्या गोळ्या सोडायला निघाले, तेव्हाही अक्काच आडव्या आल्या. "गोळी बी खा, ऊन बी खा."

मला झोप लागू लागली. हळूहळू फोनही घेऊ लागलो. आम्ही सगळे वीस मिनिटांनी उठायचो. अक्का मात्र दोन-दोन तास बसून राहत, सोबतीला कोणी नसलं तरी. नादिष्ट बाई, एवढंच मी समजत होतो.

जानेवारीत त्या तीन दिवस आल्या नाहीत. पाय मुरगळला असं कळलं. चौथ्या दिवशी मी चौकशीला गेलो. दार उघडंच होतं. आतल्या खोलीच्या बंद दारासमोर अक्का जमिनीवर बसल्या होत्या, पायाला फडकं बांधून. दाराशी एक झाकलेलं ताट होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी हाताने थांबवलं.

"मी घरमा शे," त्या हळूच म्हणाल्या, "म्हनीसन तो बाहेर निंघत नही."

तो म्हणजे त्यांचा मुलगा नीलेश. तो पुण्याला असतो, असंच त्या सगळ्यांना सांगत. खरं तर चार वर्षांपूर्वी नोकरी सुटल्यावर तो परत आला होता. दुसरी मिळेना. दिवसभर पडून असे. एकदा जेवताना अक्काच बोलून गेल्या, "बशीबशी कितला दिन खाशी?" त्याने ताट सरकवलं आणि आत जाऊन कडी लावली. त्यानंतर तो त्यांच्यासमोर आला नाही. दोनदा डॉक्टरांना घरी आणलं, पण त्याने कडी काढली नाही.

रोज सकाळी त्या बाहेर पडल्या की तो खोलीतून निघे, आंघोळ करी, जेवी. एखाद्या दिवशी परतल्यावर त्यांना त्याच्या खोलीची खिडकी उघडलेली दिसे. तेवढ्यावर त्या आठवडा काढत. आता तीन दिवस ताट तसंच परत जात होतं. रात्री त्या झोपल्या की तो फक्त पाणी प्यायला येई.

मी त्यांना उठवलं. पाय टेकवत नव्हता. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हाताने त्यांना धरलेलं, असे आम्ही निघालो. उंबऱ्यात थांबून त्या मोठ्याने म्हणाल्या, "मी बाहेर जाई राहिनू रे. येवाले येळ शे."

प्लॉटवर कोणी नव्हतं. अक्का खुर्चीवर बसल्या, मी शेजारी दगडावर. बराच वेळ काहीच झालं नाही. त्या एकदाही घराकडे वळून पाहत नव्हत्या. मग मोरीत बादली सरकल्याचा आवाज आला, आणि पाणी पडू लागलं.

माझा ऑफिसचा फोन केव्हाचा वाजत होता. मी उठू लागलो, तर अक्कांनी माझं मनगट धरलं.

"बस जरासा," त्या म्हणाल्या. "त्याले जेवू दे."