अनंतरावांचं अकरा घरांचं गाव

आमचे शेजारी अनंतराव सीताबर्डीच्या भर बाजारात अनोळखी माणसाला थांबवायचे, स्वतःच्या दाताला बोट लावायचे आणि विचारायचे, "याले तू काय म्हणते गा?" तो बिचारा घाबरून "दात" म्हणाला की हे खूश. "आमच्या गावात दान्तिस. देवाले दिएवास. आपण एकाच घरचे आहो."

त्यांचं खरं नाव अंतानास. लिथुआनिया नावाच्या थंड देशातल्या एका खेड्यातून निघून, कुठं कुठं फिरत, ते नागपुरात कापडगिरणीत माग दुरुस्त करायला आले होते. मराठी शिकले ती कामगारांकडून. त्यामुळे गोऱ्या साहेबापासून माझ्या सासूबाईंपर्यंत सगळ्यांना "तू" आणि "गा".

ओसरीच्या भिंतीवर त्यांनी कोळशानं आपलं गाव काढलं होतं. अकरा घरं, नदी, नदीवर पूल. संध्याकाळी ते एकेका घराची हकिगत सांगत आणि सासूबाई तांदूळ निवडत ऐकत.

महायुद्ध पेटलं आणि कोणीतरी चहाडी केली. एका सकाळी ठाणेदार दोन शिपाई घेऊन आले ते थेट त्या भिंतीपुढे.

"हा पूल कन्हान नदीवरचा ना? आणि ही घरं म्हणजे कामठीची छावणी?"

"माह्या गावचा पूल हाय. तू काहून असा विचारून राहिला गा?"

शिपायांनी हसू लपवायला माना खाली घातल्या. ठाणेदारांचा चेहरा लाल झाला. हेर ठरलेला परदेशी माणूस परत दिसत नाही, एवढं आम्हाला ठाऊक होतं.

सासूबाई पुढे झाल्या. "मले इचारा, साहेब. मले वाचता येत नाही, पण हे गाव मले पाठ हाय."

ठाणेदारांनी अनंतरावांना शिपायाबरोबर बाहेर अंगणात धाडलं आणि एकेका घरावर छडी टेकवली.

"हे मार्ताचं. काळ्या धान्याची भाकर पानावर भाजते, आपल्या पानग्यावानी. हे सुताराचं. रस्त्याकडचे लाकडी क्रूस कोरते, त्याहिले वरून छप्पर करते. ह्या घरी मधमाशा पाळतात. माशी मेली त मातीत पुरतात, माणसावानी."

ठाणेदार लिहून घेत होते. शेवटच्या घरापाशी सासूबाई अडखळल्या. "हे रिकामं हाय."

मग अनंतरावांना आत बोलावलं. दहा घरं जशीच्या तशी जुळली. छडी अकराव्यावर आली.

"इथं माही आई राह्यते."

"बाई म्हणतात रिकामं आहे. खोटं कोण बोलतंय?"

अनंतराव भिंतीकडे बघत राहिले.

"खोटं कोणीच नाही, साहेब," सासूबाई हळूच म्हणाल्या. "लढाईच्या आधी पत्र आलं. आई गेली त्याची. इथं त्याचं कोणी नव्हतं, म्हणून मीच त्याच्या डोक्यावर सुतकाचं पाणी घातलं. तवापासून मी ते घर रिकामं समजून राहिली. त्यानं तिले तिथंच ठेवलं, हे मले आत्ता कळलं."

ठाणेदारांनी वही मिटली. "भिंत पुसून टाका," म्हणाले. दारापर्यंत जाऊन वळले. "पूल तेवढा पुसा. घरं राहू द्या."

ते गेल्यावर अनंतरावांनी ओल्या फडक्यानं पूल पुसला. सासूबाई अकराव्या घरासमोर खाली बसल्या.

"काय करून राहिली आता तुही आई?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "जवसाच्या वाखाचं सूत कातून राहिली."

"मंग बोल तिच्याशी."

ते जमिनीवर बसले आणि आपल्या भाषेत बोलू लागले. सासूबाईंना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. तरी त्या वाक्यावाक्याला हुंकार देत राहिल्या.