वय वर्षे सात, वाढ पूर्ण

वर्ध्याच्या समाधान कर्मचारी गृहनिर्माण संस्थेचा नियम क्रमांक एकोणतीस असा आहे की, पूर्ण वाढीनंतर ज्याची उंची अठरा इंचांपेक्षा जास्त भरेल असा कुत्रा कोणत्याही सभासदास पाळता येणार नाही. हा नियम कोणी केला आणि अठराच इंच का, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण संस्थेतली बत्तीसच्या बत्तीस घरं निवृत्त बाबूंची आणि मास्तरांची आहेत. कारण माहीत नसलेले नियम पाळण्यात त्यांची हयात गेली आहे. त्यामुळे यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

याच संस्थेतले कृष्णकांत शिक्षण खात्यात चौतीस वर्षं काढून मोठे बाबू म्हणून निवृत्त झाले. जानेवारीत पत्नी छायाबाईंच्या हट्टाखातर त्यांनी सेवाग्राम रस्त्यावरच्या एका निवारा केंद्रातून पिल्लू दत्तक घेतलं. पिल्लू कापसाच्या बोंडासारखं पांढरं, गोल आणि मऊ, म्हणून त्याचं नाव बोंड्या. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून छायाबाई दुपारी टीव्हीशी बोलत असत. आता त्या बोंड्याशी बोलू लागल्या. टीव्हीपेक्षा तो बरा ऐकायचा. कृष्णकांतांना कुत्र्यांचा लळा वगैरे नव्हता. पण तिसऱ्या दिवशी तो त्यांच्या पावलावर डोकं टाकून झोपला, तेव्हा ते पाऊण तास पाय न हलवता बसून राहिले.

अडचण कागदाची होती. केंद्राच्या दाखल्यात वयाच्या रकान्यात 'अंदाजे' एवढाच शब्द होता. पुढचा आकडा लिहायचा राहून गेला होता.

संस्थेचे सचिव धनंजय जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. खात्यानं त्यांना निरोप दिला, पण त्यांनी फीत परत केली नाही. त्यांनी दाखला चष्मा लावून आणि चष्मा काढून, असा दोनदा वाचला.

"अंदाजे तं सारं जगच हाय, बाबूजी," ते म्हणाले. "वय समजल्याबिगर वाढ किती बाकी हाय ते समजत नाई. अन् वाढ समजल्याबिगर एकोणतीस नंबर लागू होते का नाई, ते समजत नाई. वयाचा पक्का कागद आणा. नाई तं पिल्लू वापस."

कृष्णकांत पिल्लाला घेऊन जनावरांच्या डॉक्टर वेदश्रीबाईंकडे गेले. त्यांनी बोंड्याचं तोंड उघडलं.

"दुधाचे दात आहेत, काका. चारेक महिन्यांचा असेल. आणि हे पंजे बघा. असे पंजे असलेला कुत्रा दोन फुटांच्या आत थांबत नाही. लिहून देऊ?"

"नको," कृष्णकांत घाईनं म्हणाले. चौतीस वर्षांत त्यांनी प्रथमच एखादी गोष्ट लिहून देऊ नका असं कोणाला सांगितलं होतं. दोन फूट म्हणजे चोवीस इंच, आणि चोवीस इंच म्हणजे बोंड्या परत पिंजऱ्यात.

त्याच आठवड्यात छायाबाईंचे वडील अण्णाजी गुडघे दाखवायला समुद्रपूरकडून आले. अण्णाजींनी पन्नास वर्षं बैलबाजारात दात पाहिले होते. बैलाचं वय ठरवायचं तर खालचे दात मोजायचे. दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे आले की बैल 'जुळला', म्हणजे पाच वर्षांचा झाला. अण्णाजींनी एकदा दात पाहिले की विकणारा आणि घेणारा दोघंही मान डोलवत. कृष्णकांतांना एकदम मार्ग दिसला.

"मामाजी, जरा याचे दात पाहता का?"

अण्णाजींनी बोंड्याला मांडीवर घेतलं आणि जबडा फाकवला. मग त्यांनी बोटानं एकेक दात मोजला.

"हा तं जुळला हाय," ते म्हणाले. "खालचे समदे आले. म्हंजे पाच वर्सं. पण जावईबापू, बैलाले वरते समोर दातच नसतात. याले वरतेही हायेत! म्हंजे पाचाच्या वरतेच गेला हा. अजून दोन धरा. सात."

"बाबा, पिल्लू हाय ते!" छायाबाई म्हणाल्या.

"दिसते पिल्लू. मी दात सांगून राह्यलो. दिसण्यावर गेलो असतो तं आजलोक दहा वेळा फसलो असतो."

कृष्णकांतांनी त्याच बैठकीत पंचनामा लिहून काढला : 'सदर श्वानाचे दंतपरीक्षण पन्नास वर्षांचा अनुभव असलेल्या जाणकार इसमाने समक्ष केले असून वय वर्षे सात, वाढ पूर्ण, उंची दहा इंच असे आढळून आले.' खाली अण्णाजींची सही आणि दोन साक्षीदार. संस्थेनं तो कागद एका दिवसात मंजूर केला. डॉक्टरीणबाईंच्या 'असेल'पेक्षा 'आढळून आले' हे केव्हाही वजनदार.

फेब्रुवारीत बोंड्याचा एक दात पडला, मग दुसरा, मग तिसरा. बातमी कॉलनीभर पसरली आणि सगळे हळहळले. सातव्या वर्षी दात पडणारच, असं मास्तर मंडळी म्हणाली. अध्यक्ष रूपराव स्वतः कवळी लावत. ते मुद्दाम भेटायला आले आणि बोंड्याला दूध-पोळी कुस्करून द्या असं सांगून गेले. सकाळी फिरायला निघालेली ज्येष्ठ मंडळी त्याला आपल्यातला समजून हळू चालू लागली. बोंड्या मात्र त्यांच्या काठ्या पळवायचा.

मार्चमध्ये तो चौदा इंच झाला. दर महिन्याच्या एक तारखेला धनंजय फीत घेऊन येत. चौदा इंचांना त्यांनी 'निवृत्तीनंतरची सूज' असं लिहिलं, कारण कॉलनीत सगळ्यांचंच निवृत्तीनंतर तसं झालं होतं. एप्रिलमध्ये सतरा भरले. तेव्हा फीत उन्हानं वाढली असावी असा शेरा मारण्यात आला. मे महिन्यात मात्र बावीस इंच भरले आणि शेरे संपले.

समितीनं विचार केला, आणि कागदाला धरून केला, हे मान्य करावंच लागेल. सात वर्षांचा, वाढ पूर्ण झालेला कुत्रा वाढू शकत नाही. समोरचा कुत्रा तर वाढलेला आहे. त्या अर्थी समोरचा कुत्रा तो कुत्रा नव्हे. कृष्णकांतांना नोटीस आली : 'आपण नोंदणीकृत श्वानाच्या जागी दुसरा, बेकायदेशीर श्वान आणून ठेवल्याचे दिसते. सबब मूळ श्वान आठ दिवसांत हजर करावा व सध्याचा श्वान निवारा केंद्रास परत करावा. मूळ श्वानाचे काय केले याचाही खुलासा करावा.'

छायाबाईंनी नोटीस वाचली आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. बोंड्याही मागोमाग गेला. ज्याचं काय केलं असा सवाल होता तो, आणि ज्याला परत करायचं होतं तो, असे दोघंही एकाच वेळी त्यांचे हात चाटत होते.

कृष्णकांतांनी वयदुरुस्तीचा अर्ज केला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं : 'एकदा नोंदविलेले वय कोणत्याही कारणास्तव बदलता येत नाही.' हे वाक्य त्यांनी लगेच ओळखलं, कारण ते त्यांचंच होतं. शिक्षण खात्यात त्यांनी हजारो मास्तरांच्या अर्जांवर हेच लिहिलं होतं. ते स्वतः जन्मले पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला. पण थोरल्या भावाबरोबर शाळेत बसता यावं म्हणून हेडमास्तरांनी वयात दोन वर्षं वाढवून एक जुलै लिहिली. नोकरीच्या शेवटी त्यांनी दुरुस्तीसाठी अर्ज केला, तोही नियमाप्रमाणे त्यांच्याच टेबलावर आला. त्यांनी तो नियमाप्रमाणे फेटाळला आणि दोन वर्षं आधी घरी येऊन बसले.

सुनावणी जूनमध्ये संस्थेच्या सभागृहात झाली. विदर्भातलं ऊन अजून उतरलं नव्हतं आणि कूलर एकच होता. टेबलामागे रूपराव, धनंजय आणि समितीचे सदस्य माणिकराव बसले. माणिकराव हे धनंजयांचे धाकटे भाऊ. अण्णाजींनाही गाडी करून आणलं होतं.

"हा तोच कुत्रा हाय का?" रूपरावांनी विचारलं.

अण्णाजींनी जबडा फाकवला. "आता समदे दात नवे हायेत, साहेब. हा तं त्याच्यापेक्षा लहान दिसते."

"ऐकलं?" धनंजय म्हणाले. "कागदावरचा मोठा, हा लहान. अन् लहान असून उंच. वापस करा."

कृष्णकांत उभे राहून फाईल चाळू लागले. तेव्हा मागच्या खुर्चीवरून छायाबाई उठल्या आणि धनंजयांकडे वळल्या.

"भाऊजी, तुमचा जन्म केव्हाचा?"

"एक जुलै. काऊन?"

"अन् माणिकभाऊजींचा?"

माणिकराव खाली बघून म्हणाले, "एक जुलैच."

"साल?"

साल दोघांचंही एकच होतं. शाळेत एकाच दिवशी नाव घातलं, आणि मास्तरांनी दोघांना एकच ओळ लिहिली. आईला दोघांत तीन वर्षांचं अंतर आठवत होतं. कागदावर ते जुळे होते आणि एकाच संध्याकाळी निवृत्त झाले होते.

"रूपरावभाऊ, तुमचा?"

रूपरावांनी कवळी चाचपली. "एक जुलै."

"या बत्तीस घरांत एकाच दिवशी केक कापतो आपण. का बाप्पा, त्या एका दिवशी जिल्ह्यात दुसरं कामच नव्हतं बायांना?" छायाबाई टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही समदे खोट्या वयावर नोकरी केली, पेन्शन घेऊन राह्यले. माझा बोंड्या एकटाच तेवढा वापस काऊन जाईल?"

इतक्या वर्षांत असा तोंडी मुद्दा कोणाच्याच फायलीत आला नव्हता, त्यामुळे त्यावर शेरा काय मारावा हे कोणाला सुचेना. बोंड्या उकाड्यानं वैतागला होता. तो कूलरसमोर गेला, चारी पाय पसरून थंड फरशीवर लवंडला आणि झोपी गेला.

माणिकराव हळूच उठले. त्यांनी भावाच्या हातातली फीत घेतली, फरशीपासून बोंड्याच्या बरगड्यांपर्यंत धरली आणि वाचली.

"दहा इंच."

"किती?" रूपरावांनी विचारलं.

"नोंदीप्रमाणे बरोबर दहा. नियमात उभा मोजावा असं कुठं हाय?"

नियम काढून वाचण्यात आला. नव्हतं. धनंजयांनी दोनदा वाचला, चष्म्यासह आणि चष्म्याविना, आणि मग स्वतःच्या हातानं लिहिलं : 'तोच श्वान. वय वर्षे सात. उंची दहा इंच. वाढ पूर्ण.' खाली सहीही केली. छायाबाईंनी बोंड्याला उठवायला हात पुढे केला, तर तिघंही एकदम ओरडले, "झोपू द्या, झोपू द्या!"

बोंड्या आता सव्वीस इंच आहे. सचिव फाटकासमोरून जाऊ लागले की कृष्णकांत त्याला "बस" म्हणतात. तो बसतो, आणि सचिवही दुसरीकडे पाहतात. गेल्या एक जुलैला त्याचाही केक कापला. केकच्या डब्यावर तेहतिसावं नाव त्याचं होतं.

मात्र फाईल पूर्णपणे बंद झालेली नाही. इतिवृत्तात समितीनं शेवटी एक ओळ घातली आहे : 'ज्या इसमाची कागदावरील जन्मतारीख आणि त्याच्या आईच्या आठवणीतील जन्मतारीख एकच असेल, त्याने लेखी तक्रार केल्यास सदर श्वानाची उभी मोजणी पुन्हा करण्यात येईल.' तक्रारीचे कोरे अर्ज सभागृहाच्या टेबलावर ठेवले आहेत. अजून एकही भरून आलेला नाही.

तुम्ही इतका वेळ हसत होता. तुम्हाला एक कोरा अर्ज पाठवून देऊ?