चौदावी वेबसाइट

स्टोअरबाईंनी वहीच्या पानावर पट्टीने चार रकाने आखले. पहिल्यात वेबसाइटचं नाव, दुसऱ्यात 'खऱ्या जागा', तिसऱ्यात 'शिळ्या जागा' आणि चौथ्यात 'डोक्याला ताप'. पाइपांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं त्यांनी स्टोअर सांभाळलं होतं. एक वॉशर इकडचा तिकडे झाला तरी त्यांना झोप लागत नसे. कारखाना दुसऱ्या गावी हलला आणि बाई घरी बसल्या. आता नोकरी शोधायची, तर तीही शिस्तीतच शोधायची, असं त्यांनी ठरवलं.

"आई, अगं सगळ्या वेबसाइट सारख्याच असतात," कॉलेजला निघालेली मुलगी म्हणाली.

"सारख्या कशा असतील? या पाचव्या नंबरवर मी स्टोअरकीपरच्या जागा मोजल्या. चाळीस निघाल्या. त्यातल्या एकतीस गेल्या वर्षीच्या. आणि ही आठवी! नाव नोंदवल्यापासून रोज तीन माणसं फोन करतात, नोकरी सोडून बाकी सगळं द्यायला तयार आहेत."

महिनाभर खपून बाईंनी तेरा वेबसाइट तपासल्या आणि त्यांतल्या तीन कामाच्या ठरवल्या. तिन्हीकडे अर्ज केले, शिवाय काही कंपन्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरही केले. फोन मात्र एकही आला नाही. संध्याकाळी नवरा कामावरून आला की दारातच भुवया उंचावून विचारायचा, बाई मान हलवायच्या, आणि मग दोघं मुद्दाम भलत्याच विषयावर बोलायचे. सत्तेचाळिसाव्या वर्षी आपल्याला कोण विचारणार, हे दोघांच्याही मनात असायचं. बोलून कुणीच दाखवत नव्हतं.

रविवारी धाकटा भाऊ आला. त्याने वही चाळली आणि कपाळावर हात मारला.

"तीनच? ताई, अगं जाळं मोठं टाकायचं असतं! मला एक नवीन वेबसाइट कळली आहे. आण तो लॅपटॉप."

"मी अजून तपासली नाही ती."

"तपासत बसलीस म्हणून घरी बसलीस. सरक."

दहा मिनिटं तो खटाखट टाइप करत होता. शेवटी एक बटण दाबून तो खुर्चीत रेलला. "झालं! उद्यापासून फोन उचलून उचलून हात दुखेल तुझा."

भावाचं बोलणं आजवर कधी खरं झालं नव्हतं. या वेळी झालं. सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"मॅडम, स्टोअरकीपरच्या जागेबद्दल बोलायचं होतं."

बाई खुर्चीत ताठ बसल्या. "बोला ना, बोला. मला एकोणीस वर्षांचा अनुभव आहे."

"अरे वा! मला अकरा वर्षांचा आहे."

"हो का? छान. मी सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवते."

"मीपण, मॅडम."

"मग... भेटायला कधी येऊ?"

"तुम्ही कशाला येताय? मीच येतो की. पत्ता दिलाय ना."

फोन ठेवल्यावर बाईंचे डोळे भरून आले. "इतका नम्र साहेब मी जन्मात पाहिला नाही गं," त्या मुलीला म्हणाल्या.

दुसरा फोन आला. तो साहेबही तितकाच नम्र होता. तिसरा तर म्हणाला, "मॅडम, घरात दोन लहान मुलं आहेत, मला या नोकरीची फार गरज आहे हो." साहेबालाच नोकरीची गरज? बाईंनी मुलीला लॅपटॉप उघडायला लावला. मुलीने पाहिलं आणि स्क्रीन आईकडे वळवली.

"आई, मामाने तुझा अर्ज नाही केला. जाहिरात दिली आहे! पाहिजे, स्टोअरकीपर. आणि तू मालकीण आहेस."

बाईंनी भावाला फोन लावला.

"ताई, दोन बटणं होती गं," तो चाचरत म्हणाला. "'काम हवे आहे' आणि 'माणूस हवा आहे'. दुसरं हिरवं होतं. मला वाटलं, हिरवं म्हणजे चांगलंच असणार."

त्यातून, 'आपल्याबद्दल थोडक्यात' या चौकटीत त्याने बहिणीचे गुण मनापासून लिहिले होते: 'स्वभाव शांत. कोणावरही आवाज चढवत नाही. दुसऱ्याची चूक समजावून सांगते. वेळेवर घरी जाते आणि जाऊ देते.' अशी मालकीण सापडल्यावर लोक धावले नसते तरच नवल. जाहिरात काढायचं बटण मुलीने शोधून दाबलं, तर उत्तर आलं: 'आपल्या विनंतीचा तीन दिवसांत विचार केला जाईल.'

तेवढ्यात बेल वाजली. दारात इस्त्रीचे शर्ट घातलेली, हातात फायली धरलेली सहा माणसं उभी होती. जिन्यातून आणखी पावलं वाजत होती.

"नाही म्हणून सांग आणि दार लाव," मुलगी कुजबुजली.

पण त्यांतला पहिला अकरा वर्षंवाला होता. दोन बस बदलून आला होता. फाइलचा कोपरा तो अंगठ्याने सारखा चोळत होता. गेल्या महिन्यात न बोलावता जाऊन एका कचेरीबाहेर आपणही असाच कोपरा चोळत बसलो होतो, हे बाईंना आठवलं. त्यांनी सगळ्यांना आत घेतलं, पाणी दिलं आणि उभ्यानेच सांगून टाकलं, "माफ करा. जागा नाहीये. चूक आमची झाली. मीच नोकरी शोधते आहे."

कुणीतरी खुदकन हसलं, आणि हळूहळू सगळेच हसले.

"रिकाम्या हाताने मात्र जाऊ नका," असं म्हणून बाईंनी वही उघडली. कुठल्या वेबसाइटवर खऱ्या जागा असतात, कुठे जुनाच माल मांडून ठेवलाय, सगळं वाचून दाखवलं. माणसं उतरवून घेऊ लागली. बाईंनी प्रत्येकाचा अनुभव विचारून तोही टिपून ठेवला. सवय जात नव्हती.

दुपारपर्यंत तेवीस जण येऊन गेले. मग एक जाडाभरडा आवाज फोनवर आला.

"मी पंपांच्या कंपनीतून बोलतोय, मॅनेजर. तुम्ही पगार तरी किती देता हो? आम्हाला दोन स्टोअरकीपर हवे आहेत. त्याच वेबसाइटवर आमची जाहिरात तुमच्या खाली आहे. कालपासून एक कुत्रं फिरकलं नाही!"

बाईंनी त्यांनाही सगळं खरं सांगितलं.

"म्हणजे तेवीस माणसं तुम्ही पाहिलीत?"

"पाहिली आणि लिहूनही ठेवली. तुमच्या कामाचा एक नक्की आहे. अकरा वर्षांचा अनुभव आहे, हिशेबी माणूस आहे. नंबर घ्या."

"घेतो. पण तुम्ही स्वतः अर्ज का नाही केलात आमच्याकडे?"

"केला होता. चाळीस दिवस झाले. तुमच्या कंपनीच्याच वेबसाइटवर."

"आमच्या? तिकडचे अर्ज बघतं कोण?" मॅनेजरांनी कुणाला तरी हाक मारली. पलीकडे बरीच पळापळ झाली. "अहो बाई, अर्ज बघणारा माणूस दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेलाय! इथे तीनशे बारा अर्ज न उघडता पडलेत." मग माउसचा टकटक आवाज आला. "हां, सापडला तुमचा. एकोणीस वर्षं... बरं... पुढच्या सोमवारी नऊला कामावर या. त्या अकरा वर्षंवाल्यालाही घेऊन या. आणि येताना आवाज न चढवणं कसं जमतं, तेवढं आमच्या लोकांना सांगा."

बाईंनी फोन खाली ठेवला. मुलीने काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी. नऊ वाजता." मुलीने त्यांना घट्ट मिठी मारली.

पुन्हा बेल वाजली. दारात धापा टाकत एक माणूस उभा होता. "उशीर झाला का, मॅडम? जागा भरली?"

"हो, आत्ताच भरली," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण तुम्ही आत या. वही दाखवते."