मनीच्या अक्षतांची मोहीम

कुलस्वामिनीचे स्मरण करून, शके अठराशे बासष्ट, विक्रमनाम संवत्सरी, फसली सन तेराशे पन्नास, मार्गशीर्ष वद्य पक्षी, मौजे वडीगोद्री येथे एका पाळण्याभोवती जे रण माजले त्याची हकीकत, कोणाची भीडमुर्वत न धरता, लिहिली ती येणेप्रमाणे.

राधाकिसनरावांचे चिरंजीव कारभारी, वय महिने दहा, पाळण्याचे तख्तावर विराजमान; कारभार एकच, हाती लागेल ते मुखी घालणे. पायथ्याशी मनी नामे मांजरी, गोधडीची जहागीर भोगून सुस्त. एके सकाळी गोधडीवर पांढरे दाणे सापडले, हुबेहूब तांदूळ. आजी द्वारकाबाई, घराच्या सर्वाधिकारी, यांनी तत्काळ निवाडा केला की, सटवाईने लेकरावर अक्षता टाकल्या. मग तबक निघाले, आणि हळदकुंकू निघाले, आणि आळीच्या बायका दर्शनास लोटल्या व अक्षता कपाळी लावित्या झाल्या, आणि फर्मान सुटले की, तिन्हीसांजेस एक अक्षत गुळात घालून लेकरास चारावी.

सूनबाई सुगंधाबाई औरंगाबादेच्या कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेल्या. त्यांची नजर पाळण्यावरून पळभर ढळत नसे. त्यांनी तबकात पाहिले तो एक अक्षत आखडली, मग लांबली, आणि कुंकवातून कूच करती झाली.

"आत्याबाई, ह्या चालून राह्यल्या! मांजराच्या पोटातले जंत हायेत हे!"

"देवीच्या हायेत, चालणारच! कालेजात देव शिकवत न्हाईत वाटतं?"

या अकलेवर दरबार बेहद्द खूश झाला. सुगंधाबाईंनी पतीकडे कुमक मागितली. तो ओसरीवरचे शूर राधाकिसनराव वर्तमानपत्राच्या ढालीआडून वदले की, बायकांच्या बाबीत आम्ही पडत नाही. असली कुमक असता गनिमास तोफा कशास हव्यात?

तिन्हीसांज झाली. द्वारकाबाईंनी चिमटीत गूळ धरिला, चिरंजीवांनी आ वासला, आणि सुगंधाबाईंनी बेअदबी पत्करून लेकरू पदराआड घेतले.

"लेकरू देती का न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

इतक्यात देवीचे वाहन म्हणून पाटावर बसविलेली मनी उठली, भरदरबारास पाठ करून शेपूट उभारिती झाली, आणि शेपटीखालून एक ताजी अक्षत पाटावर उतरून चालू लागली.

मग शेजारच्या चतुराबाई म्हणाल्या, "सटवाई कुठून आल्ती ते दिसलं गं बया!" आणि कपाळी अक्षता लाविलेल्या तमाम बायका हौदाकडे धावल्या, आणि द्वारकाबाईंच्या चिमटीतला गूळ चुलीत गेला.

दुसरे दिवशी राधाकिसनराव जल्दीने जालन्यास रवाना होऊन गुरांच्या डॉक्टराची, म्हणजे सलोत्र्याची, पुडी घेऊन आले. मनीस पोत्यात गुंडाळून ती सायीतून घशाखाली उतरविली. त्यात राधाकिसनराव बोटभर ओरखड्याने जायबंदी होऊन पुन्हा ओसरीस लागले. मग गनीम, ज्याचे तुकडे ते दाणे, वीतभर लांब बाहेर पडला, तो जाळिला, आणि गोधड्या उकळिल्या, आणि मनीच्या अंगावरील पिसवांची, ज्या जंत पसरवितात, कत्तल केली.

फत्ते जाहली. चिरंजीवांचे मुखी काही गेले नाही, ही नोंद पक्की. द्वारकाबाईंनी गावभर जाहीर केले की, "म्या तर पहिल्याच दिशी वळखल्तं." हे साफ खोटे, परंतु लेकरू खुशाल आहे, सबब मंजूर केले असे.