कैनाडच्या वळणानंतरची बातमी

गजाकाका सावे सकाळी धावताना खेळाच्या बातम्या सांगतात, आणि कैनाडच्या वळणापर्यंत त्या खऱ्या असतात. वळण गेलं की बिघडतात. वळणाआधी आपला संघ सामना जिंकलेला असतो. वळणानंतर तोच संघ तोच सामना हरतो, आणि तोही अशा कारणाने की ऐकणाऱ्याचा पाय मुरगळावा. परत येताना वळण लागलं की संघ पुन्हा जिंकतो. जवळजवळ वर्षभर मी शेजारून धावत हे ऐकत होतो आणि मला काही म्हणता काही कळत नव्हतं.

मी मूळचा साताऱ्याकडचा. तलासरीच्या पंचायत समितीत बदली होऊन आलो आणि बिऱ्हाड डहाणूत केलं, कारण बायकोला समुद्र हवा होता. तिला समुद्र मिळाला, मला रक्तदाब मिळाला. डॉक्टर म्हणाले, पळत जा रोज. पहिल्या दिवशी मी चोरासारखा बाहेर पडलो तर शेजारच्या फाटकातून एक सडपातळ म्हातारा निघाला. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "नवीन इंजिन दिसतंय. चला, लाईन क्लिअर आहे."

ते गजाकाका. रेल्वेत केबिनमन होते, सिग्नल देणारे. सगळी नोकरी गाड्यांना पुढे सोडण्यात गेली आणि ती सवय पायांत उतरली. मोटारसायकल मागून आली की ते रस्त्याच्या कडेला होतात आणि मला सांगतात, "फास्ट आहे, जाऊ दे. आपण पॅसेंजर." म्हैस आडवी आली तर "साइडिंगला थांबा." चढ लागला की "डबल इंजिन लावा", म्हणजे तोंड बंद ठेवा. अंगात बनियन, खाली कधीकाळची खाकी पँट गुडघ्यावर कापलेली, पायात कॅनव्हासचे बूट. थंडीत याच पोशाखावर माकडटोपी चढते. ही टोपी घालून उघड्या दंडांनी धावणारा माणूस पाहून कुत्रीसुद्धा भुंकावं की नाही या विचारात पडतात.

आमच्या इकडे धावणाऱ्या माणसाला कारण लागतं. कारण नसेल तर लोक पुरवतात. पाड्यावरचा एखादा पोरगा गाडी हळू करतो. "बसा काका, सोडतो. एसटी चुकली का?" काका न थांबता हात हलवतात. "जा बाबा तू. मला कुठे पोचायचं नाय." पोरगा मग माझ्याकडे बघतो. मलाही कुठे पोचायचं नसतं, पण ते इतक्या ठामपणे मला सांगता येत नाही.

पेपर आला की काका आधी खेळाचं पान काढतात. निधनवार्ता नंतर. कबड्डीपासून नौकानयनापर्यंत सगळं वाचतात आणि त्यावर त्यांची मतं असतात. एकदा परदेशातल्या कुठल्याशा मॅरेथॉनची बातमी होती. जिंकणाऱ्याचा वेग वाचून माझे डोळे पांढरे झाले. काका मात्र हळहळले.

"बिचारा," ते म्हणाले.

"बिचारा कशाने? पहिला आलाय तो."

"एवढ्या लवकर पोचला, म्हणजे वाटेत ओळखीचं एक माणूस भेटलं नाय त्याला."

मी डबल इंजिन लावलं.

आता वळणाविषयी. कैनाडच्या वळणानंतर डाव्या हाताला चिकूची एक वाडी आहे. कुंपणाच्या आत कौलारू घर, घराला ओटा, ओट्यावर आरामखुर्ची आणि खुर्चीत एक उघडलेला पेपर. पेपराच्या खाली दोन पावलं दिसत. वर काय आहे ते मी कित्येक महिने पाहिलं नव्हतं. ही वाडी जवळ आली की गजाकाकांचा आवाज चढायचा. मी हाताच्या अंतरावर धावत असायचो, तरी ते स्टेशनवर घोषणा केल्यासारखे बोलत.

"कदम, ऐकलंत का? काल बुद्धिबळाचा सामना पावसामुळे अर्ध्यावर थांबवला."

पेपराच्या मागून आवाज आला, "बुद्धिबळ काय शेतात बसून खेळतात?"

आवाज आमच्याशी बोलत नव्हता. तो पेपराशी बोलत होता, किंवा पायरीवरच्या कुत्र्याशी. पेपर खाली आला नाही. काकांनी तिकडे पाहिलंही नाही. आम्ही पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी शंभर मीटरची शर्यत बरोबरीत सुटली आणि आज पुन्हा पळवणार आहेत असं काकांनी जाहीर केलं. "फोटो काढतात, फोटो," पेपर म्हणाला. मग एकदा कुस्तीत टॉस हरल्यामुळे आपला पैलवान हरला. एकदा पोहण्याच्या शर्यतीत तलाव ओला असल्याने खेळ उशिरा सुरू झाला. आणि ज्या दिवशी खो-खोमध्ये आपल्या पोरींना फॉलोऑन मिळाला, त्या दिवशी खुर्ची करकरली. "परमेश्वरा," असं ऐकू आलं, आणि मागोमाग खो-खोच्या नियमांवर एक अख्खं व्याख्यान सुरू झालं. पुढच्या वाडीचं कुंपण संपेपर्यंत ते आमच्या पाठीवर येत होतं. त्या दिवशी काका इतके हलके धावले की मी मागे पडलो.

मला लाज वाटायची. माणूस शेजारी धावतोय आणि जगाला वाटणार दोघंही सारखेच. मी हळूच सांगायचो, "काका, खो-खोत फॉलोऑन नसतो." ते म्हणायचे, "नसेल, नसेल. छापताना चुकलं असेल." घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, वय झालंय, विसरायला होत असेल, कोणाला तरी दाखवा. मी धास्तावलो. पण परतीच्या वाटेवर रमणभाईच्या टपरीवर चहा घेताना हाच माणूस कालच्या सामन्यात कोण कोणाच्या चेंडूवर कसा बाद झाला ते न अडखळता सांगायचा. मग वाटलं, पळून रक्त पायांत उतरत असेल आणि डोक्याला कमी पडत असेल. पण मग माझंही तसंच व्हायला हवं होतं. की होत होतं आणि मलाच कळत नव्हतं? बातम्या काकांच्या चुकत होत्या आणि डोकं फिरायची वेळ माझ्यावर आली होती.

शेवटी मी रस्ता बदलून पाहिला. म्हटलं, काका, किनाऱ्याने जाऊ, सुरूच्या झाडांखालून. ते आले. दोन दिवस माझ्याबरोबर पाय ओढत धावले. बातम्या पहिल्यापासून शेवटपर्यंत अचूक, आणि आळणी. तिसऱ्या दिवशी फाटकाशीच थांबले.

"कदम, समुद्र चांगला आहे," ते म्हणाले, "पण तिकडून कोण बोलत नाय."

आम्ही पुन्हा कैनाडच्या रस्त्याला लागलो.

कोडं थोडं सुटलं ते रमणभाईकडे. काका मागे हात धुवायला गेले होते तेव्हा मी विचारलं, वाडीतला तो पेपरवाला माणूस कोण. रमणभाईने गाळणी आपटली. "एनो सगो भाऊ छे. वसंत सावे सर. बहू वरस झाला, दोघं बोलत नाय."

"का?"

"ते कोणाला माहीत? कोण बोलते विहीर, कोण बोलते बांधावरचा आंबा, कोण बोलते लग्नात मान नाय दिला. तुम्ही काकांनाच विचारो ने."

मी विचारलं. काकांनी पहिल्या दिवशी विहीर सांगितली, दुसऱ्या दिवशी आंबा. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तो बोलला नाय म्हणून मी बोललो नाय. आणि मी बोललो नाय म्हणून तो." यातलं पहिलं कुठलं हे त्यांनाही सांगता येईना. मला तर थांगच लागेना.

मग एका संध्याकाळी मी त्यांच्या ओटीवर बसलो होतो. काकू आत कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या. काका मांडीवर पेपर घेऊन बराच वेळ छताकडे बघत होते. अचानक म्हणाले, "कदम, तिरंदाजीत नो-बॉल असतो का हो?"

"नसतो."

"नक्की?"

"अहो, बॉलच नसतो."

"मग झकास," असं म्हणून त्यांनी समाधानाने पेपराची घडी केली.

माझ्या डोक्यात दिवा लागला, पण उजेड पडायला वेळ गेला. "काका, तुम्ही मुद्दाम चुकीचं सांगता?"

ते आधी आत बघून आले. मग माझ्याजवळ सरकून बसले. "वसंता शाळेत खेळाचा मास्तर होता. त्याला चुकीचं ऐकवत नाय. लहानपणी मी पाढा चुकलो की झोपेतून उठून बरोबर करायचा. खरी बातमी सांगितली तर तो गप वाचत बसतो. मी करून बघितलंय. आठ दिवस खरं सांगितलं, आठ दिवस हूं की चूं नाय. मग एकदा चुकून चुकलो आणि तो बोलला." काका जमिनीकडे बघत होते. "आवाज आमच्या बाबांसारखा झालाय त्याचा आता. ऐकला की बरं वाटतं मला. दिवस चांगला जातो."

मला गलबलून आलं. पण मी पडलो सरकारी कारकून, अर्ज थेट साहेबाकडे न्यावा असं मानणारा. म्हणालो, "मग एक दिवस सरळ फाटक उघडून आत का जात नाही?"

काकांनी पेपराची घडी उघडून पुन्हा घातली. मग म्हणाले, "आणि त्याने पेपर खाली नाय केला तर?"

त्यानंतर मी दुरुस्त्या बंद केल्या. उलट मदत करू लागलो. धावता धावता मीही मोठ्याने विचारायचो, "काय सांगता काका, गोळाफेकीत सुपर ओव्हर?" दोन मोठे बाप्ये सकाळच्या प्रहरी रस्त्याने खोटं ओरडत धावतात आणि तिसरा पेपराआडून त्यांना झापतो, असा आमचा नित्यक्रम सुरू झाला. मला त्याची गोडी लागली होती, हे कबूल करतो.

दिवाळीनंतर एक दिवस खुर्ची रिकामी दिसली. काकांनी तयार केलेली बातमी तरीही सांगितली, सवयीने. कुत्र्याने मान वर केली. दुसऱ्या दिवशीही खुर्ची रिकामी. "गावाला गेला असेल," काका म्हणाले. घराला कुलूप होतं, वाडीत गडी होता, विचारता आलं असतं. मी विचारू का म्हटलं तर त्यांनी माझं मनगट धरलं. "नको. काय भलतंच सांगितलं तर?" परतताना वळण आलं तरी संघ जिंकला नाही. काकांनी बातमी दुरुस्त केलीच नाही. रमणभाईचा चहा त्यांनी अर्धा ठेवला.

आणखी दोन दिवसांनी आम्ही वळण घेतलं तर खुर्चीत माणूस होता. पेपर नव्हता. पहिल्यांदाच मला वसंत सरांचं तोंड दिसलं. डोळ्यांवर भलामोठा काळा चष्मा, त्याच्या आत एका डोळ्यावर पांढरी पट्टी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली माणसं दिसतात तसे दिसत होते. काकांचं पाऊल अडखळलं. पण त्यांनी श्वास घेतला आणि आवाज लावला.

"कदम, ऐकलंत का? काल हॉकीत आपले गडी शेवटच्या विकेटसाठी काय खेळले."

ओट्यावर शांतता.

"एलबीडब्ल्यू झाले म्हणतात," काका आणखी मोठ्याने म्हणाले. आवाज फाटला. "हॉकीत."

काहीच नाही. काका थांबले. वर्षभरात मी त्यांना म्हशीखेरीज कोणासाठी थांबलेलं पाहिलं नव्हतं. ते रस्त्याच्या मध्यावर उभे राहिले, हात लोंबत ठेवून, आणि पहिल्यांदा त्यांनी उघडपणे ओट्याकडे पाहिलं. मी आपला जागच्या जागी पाय हलवत राहिलो.

वसंत सरांनी काळा चष्मा आवाजाच्या दिशेने वळवला.

"दादा," ते म्हणाले, "आज खरं सांग. मला वाचायला मनाई आहे. तपासता येणार नाही."

सरांनाही सगळं ठाऊक होतं, कधीपासून कोण जाणे, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत काकांचं तोंड उघडं राहिलं होतं. रात्रभर खोटं घोकून आलेला माणूस, खरं त्यांना त्या घटकेला आठवत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, परीक्षेतल्या मुलासारखं. मी खरी बातमी पुटपुटलो.

"हरलो, वसंता," काका म्हणाले. "शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला."

"वाटलंच होतं मला," सर म्हणाले. "बचाव कच्चा होता." आणि मग, "बाहेर का उभा आहेस?"

काकांनी फाटकाची कडी काढायला घेतली. ती त्यांना जमेना, उलटीच ढकलत होते. शेवटी मी काढून दिली. ते आत गेले आणि ओट्याच्या पायरीवर बसले. सरांनी खुर्चीखाली हात घालून चाचपलं आणि न उघडलेले पेपर बाहेर काढले. "साचलेत. जुन्यापासून घे."

"चष्मा नाय आणला," काका म्हणाले. "धावताना कोण आणतं?"

सरांनी सदऱ्याच्या खिशातून आपला वाचायचा चष्मा काढला, खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाने पुसला आणि अंदाजाने पुढे धरला. काकांनी तो डोळ्यांवर चढवला, पेपर जरा लांब धरून पाहिला, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.